मान दुखते, झोप लागत नाही आणि समोर तीस बैठकींचे पॅकेज: यातले काय निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या आणि ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या ४४ वर्षांच्या एका भगिनींची मान आणि उजवा खांदा आठ महिन्यांपासून दुखतो आहे. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, अधूनमधून छातीत धडधडते आणि घरात चिडचिड होते. ईसीजी चांगला आला आहे. मानेच्या एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगलेली दिसते. घराजवळच्या एका वेलनेस क्लिनिकने त्यांना तीस बैठकींचे ४८ हजार रुपयांचे पॅकेज सुचवले असून त्यात फिजिओथेरपी, ड्राय नीडलिंग (स्नायूंत कोरड्या सुया टोचणे), कपिंग (कातडीवर पेले लावून ओढ देणे), ग्रीवाबस्ती, शिरोधारा, साउंड हीलिंग (वाडग्यांचा नाद ऐकवणे), हिप्नोथेरपी (संमोहन) आणि समुपदेशन यांपैकी हवे ते घेता येते. महिनाअखेरपर्यंत पैसे भरल्यास वीस टक्के सवलत आहे. आई पंचकर्म कर म्हणते, नवरा योगासने कर म्हणतो, आणि शेवटी त्या लिहितात, "दुखणे मानेचे आहे की मनाचे, हेच मला कळेनासे झाले आहे. मी नेमके काय निवडू?"

मी नौपाड्यात गेली तेवीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्या उत्तराला माझ्या व्यवसायाचा कल असणारच, तेवढा वजा करून वाचावे. औषधांविषयी मी जे लिहिते ते शेजारच्या डॉक्टरांबरोबर रुग्ण वाटून घेताना शिकलेले आहे. त्यात अखेरचा शब्द त्यांचा.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य हाच खरा प्रश्न आहे असे मला वाटते, आणि तो तुम्हाला पडावा यात नवल नाही, कारण आपल्याकडे उपचारांची दुकानेच तशी मांडलेली आहेत: मानेचे दार एकीकडे, मनाचे दुसरीकडे. शरीरात मात्र अशी भिंत नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत शिरताना जणू एका फाटकातून जातो, आणि ते फाटक किती उघडायचे हे खालून येणाऱ्या संदेशांइतकेच वरून, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या सूचनांवर ठरते. त्या सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. अपुरी झोप, सततची काळजी आणि 'चकती फुगली आहे' या वाक्याची धास्ती, हे सगळे ते फाटक उघडे ठेवतात. उलट बाजूने, आठ महिने दुखणारी मान झोप मोडते, हालचाल कमी करते, आणि हालचाल कमी झालेला माणूस हळूहळू खचतो. त्यामुळे सुरुवात मानेपासून झाली की मनापासून हे आज शोधून हाती फारसे लागणार नाही. हे चक्र कुठे सर्वांत सहज तुटेल, एवढे शोधायचे आहे.

मात्र त्याआधी एक गोष्ट, जी कोणत्याही पॅकेजच्या यादीत नसते: कोणीतरी तुम्हाला नीट तपासले आहे का? तुमच्या पत्रात ईसीजी आणि एमआरआय यांचा उल्लेख आहे, पण कोणी हातातली ताकद पाहिली, हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या, सरळ रेषेत चालायला लावले, असे कुठेही आलेले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. वर्षभर त्यांना सगळ्यांनी 'टेन्शन आहे' असे सांगितले होते, आणि शाळेतला ताण खराही होता. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या की हल्ली हातातून खडू पडतो, ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागतो. तपासल्यावर पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया जास्तच तीव्र निघाल्या. मानेत मज्जारज्जूवर दाब आलेला होता. मी त्यांना कोणताही उपचार न करता शल्यचिकित्सकांकडे पाठवले आणि त्यांची शस्त्रक्रिया झाली. असे रुग्ण थोडे असतात, पण ते वेळेवर ओळखले गेले नाहीत तर पुढचे नुकसान भरून येत नाही.

म्हणून स्वतःला हे विचारा. हातातून वस्तू पडतात का, बटणे लावणे जड जाते का, चालताना तोल जातो का, मान खाली घातल्यावर पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते का, लघवी किंवा शौचावरचा ताबा बदलला आहे का, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होते आहे का, ताप किंवा कारण नसताना वजन घटणे आहे का, पूर्वी कधी कर्करोग झाला होता का. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर वेलनेस क्लिनिकचा विचार बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा, आणि लघवी-शौचाचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. जिना चढताना छाती, जबडा किंवा हात भरून येत असेल तर एक चांगला ईसीजी पुरेसा नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा साध्या रक्ततपासण्यांचा आहे. तुमची तक्रार वाचताना थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर ही नावे कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या मनात येतील. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, चिडचिड आणि झोपमोड होते. कमी काम करत असेल तर अंगदुखी आणि उदासी येते. रक्त कमी असले तरी धडधडते. शिवाय तुम्ही ४४ वर्षांच्या आहात. रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षे झोप पहाटे मोडणे, अंगातून वाफा निघणे, धडधड आणि मनाचे चढउतार यांची असू शकतात, आणि पाळी अजून चालू आहे म्हणून ते नाकारता येत नाही. आश्चर्य वाटते, पण याविषयी बायका माझ्याकडे खांद्याच्या व्यायामाच्या मध्यात बोलतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बोलत नाहीत. तुम्ही बोला. जोरात घोरत असाल आणि सकाळी डोके दुखत असेल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकणे हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर ना बस्ती चालते ना समुपदेशन.

आता एमआरआय. तुमच्या भीतीचा बराच भाग त्या कागदावर आहे, असे मला पत्राच्या सुरावरून वाटते. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८७ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली आढळली, आणि विशीतल्या मुलामुलींमध्येसुद्धा ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. त्या कागदावरचे वर्णन आणि तुमचे दुखणे यांचा संबंध तपासणीशिवाय जोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुखणे हाताच्या ठरावीक पट्ट्यात, बोटांपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील आणि तपासणीत त्याच शिरेची खूण सापडत असेल, तर चकतीकडे बोट दाखवता येते. मान आणि खांद्याच्या वरच्या भागातच भरून येत असेल, तर त्या फुगवट्याला केसांतल्या पांढऱ्या बटेइतकेच महत्त्व द्यावे.

एवढे झाल्यावर मग थेरपीचा प्रश्न येतो. माझ्या अनुभवात उपचारांची सर्वांत उपयोगी विभागणी शरीर आणि मन अशी होत नाही. ज्यात रुग्ण झोपून राहतो असे उपचार आणि ज्यात त्याला स्वतःला काही करावे लागते असे उपचार, अशी ती होते. शेक, मसाज, मशीन, कपिंग, सुया, शिरोधारा, वाडग्यांचा नाद हे पहिल्या गटातले. व्यायाम, चालणे, योगाभ्यास, झोपेची शिस्त आणि मानसोपचारातला घरचा अभ्यास हे दुसऱ्या गटातले. पहिल्या गटाने बरे वाटते, आणि बरे वाटणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण आठ महिने जुन्या दुखण्यात तो आराम बहुधा तासांत किंवा फार तर दिवसांत मोजावा लागतो.

हे मी आज शहाणपणाने लिहिते आहे, पण शिकले ते चूक करून. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात डोंबिवलीहून एक बँक अधिकारी माझ्याकडे येत. मी त्यांना बारा बैठका आयएफटी (मशीनमधून विजेच्या सौम्य लहरी) आणि ट्रॅक्शन (मान ताणणे) दिले. प्रत्येक वेळी ते टेबलावरून उठताना "मॅडम, एकदम मोकळे वाटते" म्हणत आणि दोन दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येत. तेराव्या वेळी मशीनचा सॉकेट बिघडला होता म्हणून आम्ही नुसते बोलत बसलो, आणि तेव्हा कळले की भाऊ गेल्यापासून त्यांना चार तासांच्या वर झोप नाही. बारा बैठकांत मी त्यांना झोपेबद्दल एकदाही विचारले नव्हते. त्यांना मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले, आठवड्यातून एकदा माझ्याकडे व्यायामासाठी बोलावले, आणि मशीन पुन्हा लावावेच लागले नाही. ते मशीन आजही माझ्याकडे आहे. ज्याला वेदनेमुळे मान हलवतासुद्धा येत नाही त्याला व्यायाम सुरू करण्यापुरते मी ते लावते.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात टेन्स (हेही सौम्य विजेचे मशीन), आयएफटी, अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन देऊ नये असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट कंबरदुखीत टेन्स, अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन यांच्या बाजूने नाहीत, तर समजावून सांगणे, व्यायाम आणि वर्तन-विचारांवरचे मानसोपचार यांच्या बाजूने आहेत. सुयांच्या बाबतीत मात्र याच दोन संस्थांचे एकमत नाही: पहिली २०१६ मध्ये नको म्हणाली, दुसरीने मर्यादित शिफारस केली. हे सगळे कंबरेविषयी आहे, मानेला ते जसेच्या तसे लावता येत नाही, पण माझा रोजचा अनुभव त्याच दिशेचा आहे. तुमच्या मानेसाठी मी आठवड्यातून एक बैठक आणि घरी रोज पंधरा-वीस मिनिटे, असेच सांगेन: मानेच्या आतल्या पुढच्या स्नायूंचे आणि खांद्याच्या पात्यामागच्या स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम, रबर बँड, आणि चालणे. स्नायूंना बळ यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत थोडे जास्त दुखले तरी ते बिघडल्याचे लक्षण नसते, फक्त दुसऱ्या दिवशीपर्यंत ते उतरायला हवे.

यादीतल्या बाकीच्या गोष्टींबद्दल भराभर सांगते. ड्राय नीडलिंग खांद्याच्या गाठींवर काही जणांना उपयोगी पडते. ते करणाऱ्याचे प्रशिक्षण विचारा, कारण खांद्यावर सुई चुकीच्या खोलीवर गेली तर क्वचित फुप्फुसाला भोक पडू शकते. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे, तिची नोंदणी पाहून घ्यावी. कपिंगने वर्तुळाकार काळेनिळे डाग पडतात आणि आठवडाभर राहतात, याहून अधिक खात्रीने मी त्याबद्दल बोलू शकत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते टाळावे. मान झटक्यात वळवून 'कट्' असा आवाज काढणे मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही कोणाकडून करून घेऊ नये, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका अगदी दुर्मीळ असला तरी ती इजा पक्षाघातापर्यंत जाऊ शकते, आणि तेवढा धोका पत्करण्याइतका फायदा त्यात मला दिसलेला नाही. साउंड हीलिंग आवडत असेल तर एखाद्या रविवारी गाण्याच्या मैफलीला जावे तसे जावे.

पंचकर्माबद्दल थोडे सविस्तर, कारण आईचा आग्रह आहे आणि आईला नुसते 'नको' म्हणून चालत नाही. पंचकर्म म्हणजे वमन, विरेचन, बस्ती (औषधी एनिमा), नस्य आणि रक्तमोक्षण. क्लिनिकच्या यादीतली ग्रीवाबस्ती, म्हणजे मानेवर पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरणे, ही नावात 'बस्ती' असली तरी या पाचांतली नव्हे, शिरोधाराही नव्हे. ही बाहेरून करायची स्नेहन-स्वेदनाच्या, म्हणजे तेल आणि शेक यांच्या जातीची कर्मे आहेत, त्यांनी स्नायू सैल होतात आणि माणूस शांत होतो. खरे शोधनकर्म, म्हणजे शरीरशुद्धी, करायची तर वैद्यांनी प्रकृती तपासून ठरवायचे असते, त्याआधी स्नेहपान, म्हणजे तूप किंवा तेल पिणे, आणि नंतर पेजेपासून चढत जाणारा आहार असे दिवस मोकळे ठेवावे लागतात. ऐरोलीहून सुटून सात वाजता क्लिनिकला पोचायचे आणि नऊला घरी स्वयंपाक करायचा, यात ते बसत नाही. तेव्हा आईंना सांगा की दिवाळीच्या सुट्टीत पात्र वैद्यांकडे दाखवून ठरवू. आत्ता त्यांच्याच हातचे तेल आठवड्यातून दोनदा मानेला लावून घेतले तरी ग्रीवाबस्तीतला बराचसा आराम मिळेल, आणि आईशी अर्धा तास बोलणेही होईल.

नवऱ्याचे योगासनांचे म्हणणे मला पटते, पण दोन अटींवर: हातात मुंग्या असतील तर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन तूर्त नको, आणि धडधडीचा त्रास असताना जोरकस कपालभातीऐवजी संथ, लांब उच्छ्वासाचा श्वसनाभ्यास घ्यावा. शिक्षकाला एमआरआय दाखवण्यापेक्षा कोणत्या हालचालीने दुखते ते दाखवा.

आता मनाच्या बाजूकडे, जिथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण पाट्यांवरचे शब्द सारखेच दिसतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि या सगळ्यांत औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषध देत नाहीत. समुपदेशकांमध्ये मानसशास्त्रात एम.ए. करून अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम लोक आहेत, तसेच शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही आहेत, आणि 'हीलर' किंवा 'लाइफ कोच' कोणीही म्हणवून घेऊ शकते. क्लिनिकला फोन करून विचारा: समुपदेशन कोण करणार, त्यांचे शिक्षण काय, नोंदणी कोणती, ते कोणत्या पद्धतीने काम करतात आणि किती बैठकांनंतर आढावा घेतात. फोन उचलणाऱ्याला हे माहीत नसेल तर हरकत नाही, पण दोन दिवसांत कळवतो म्हणून कळवले नाही तर उत्तर मिळाले असे समजा.

पद्धतीचे नाव विचारणे का महत्त्वाचे, तर तुमच्या तक्रारीसाठी एक नेमकी पद्धत उपलब्ध आहे. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये झोपेसाठीच्या सीबीटीची, म्हणजे विचार-वर्तन उपचाराची शिफारस केली, गोळीच्या आधी. साधारण चार ते आठ बैठकांत होणारा हा उपचार आहे. झोपेची डायरी दोन आठवडे लिहायची, उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवायची, झोप आली की मगच पलंगावर जायचे, वीसेक मिनिटे जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, आणि प्रत्यक्ष झोप जेवढी होते त्याच्या जवळपास पलंगावरचा वेळ काही काळ आवळायचा. हे शेवटचे ऐकायला उलटे वाटते आणि पहिला आठवडा जड जातो, म्हणून ते मार्गदर्शनाखाली करावे. अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी विकार (बायपोलर) असेल तर आपल्या मनाने मुळीच करू नये. गाडी चालवत असाल तर त्या आठवड्यात चालवू नका. माझे वैयक्तिक मत असे की तुमच्या चक्राचा सर्वांत कच्चा दुवा झोप हाच आहे. झोप पाच तासांवरून साडेसहावर आली की निम्मे रुग्ण व्यायाम स्वतःहून वाढवतात, मला मागे लागावे लागत नाही.

काळजी आणि धडधड यांसाठीही सीबीटीच चालते. अंदाज घ्यायला दोन प्रश्नावल्या सर्वत्र वापरल्या जातात: उदासीसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७, दोन्ही गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात. त्या निदान करत नाहीत, पण 'थोडे' आणि 'बरेच' यांतला फरक दाखवतात. गुण जास्त आले, किंवा कामावर जाणेच अशक्य झाले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना आधी भेटा. औषध म्हणजे हरणे, असे अजूनही माझ्याकडचे सुशिक्षित लोक मानतात. उदासी-चिंतेवर सहसा दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून त्या सोडणारे पाहिले की वाईट वाटते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला असेल तर यातले काहीही न वाचता कोणाला तरी सांगा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

हिप्नोथेरपी हे एक साधन आहे. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या हाती ते उपचाराचा भाग म्हणून चालू शकते, पण 'पूर्वजन्मातले कारण शोधू' अशी भाषा ऐकू आली तर पायात चपला घालाव्यात.

ठाण्यात या बाबतीत आपण तसे नशीबवान आहोत. १९०१ पासून चालू असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय इथे आहे, आणि त्याच्या नावाला लोक बिचकत असले तरी तिथला बाह्यरुग्ण विभाग तुमच्याआमच्यासारख्यांसाठीही आहे. १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. कळव्याला महापालिकेचे रुग्णालय आहे. शिवाय तुमच्या कंपनीच्या एचआरला विचारा, कारण ऐरोलीच्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांना काही समुपदेशन बैठका विनामूल्य देतात आणि त्या कोणी वापरत नाही. कंपनीला नाव कळेल का हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. बाह्यरुग्ण बैठकींचा खर्च मिळेल की नाही हे पॉलिसीवर अवलंबून आहे.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर क्रम असा ठेवला असता. या आठवड्यात फॅमिली डॉक्टर आणि रक्ततपासण्या. पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टची एक बैठक, फक्त तपासणीसाठी, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची एक, तीही फक्त समजून घेण्यासाठी. त्यानंतर दोनच गोष्टी सुरू करायच्या: मानेचा व्यायाम आणि झोपेची सीबीटी. तिसरे काहीही सहा आठवडे सुरू करायचे नाही, मोह झाला तरी. कारण आठ उपचार एकदम घेतले आणि बरे वाटले, तर कशाने बरे वाटले ते कळत नाही. नाही वाटले, तर काय सोडायचे तेही कळत नाही. पॅकेजवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे, पैशांचा नंतर.

सुरू करण्याआधी वहीच्या पानावर तीन कामे लिहा, जी आज दुखण्यामुळे जड जातात. 'बरे वाटावे' असे लिहू नका. 'गाडी मागे घेताना मान वळवून पाहणे', 'तासभर लॅपटॉपवर बसणे', 'मुलीच्या वेण्या घालणे' असे लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या, शेजारी वेदनेचेही. दर रविवारी पुन्हा गुण द्या. वेदना दहापैकी दोन गुणांनी कमी होणे हा जुनाट दुखण्यात खरा फरक मानतात, सातवरून साडेसहा हा बहुधा त्या दिवसाचा मूड असतो. सहा आठवड्यांनी पान उघडून पाहा. फरक असेल तर बैठकींमधले अंतर वाढवा, नसेल तर त्या तज्ज्ञाला स्पष्ट विचारा की आता काय बदलायचे. तेच आणखी दहा वेळा करू, हे उत्तर चालणार नाही.

आणि अंतर पाहा. हा मुद्दा कोणी लिहीत नाही, पण ठाण्यात तो औषधाच्या मात्रेइतका महत्त्वाचा आहे. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत तासभर लागला की क्लिनिकला पोचेपर्यंत मान दगड झालेली असते, आणि उपचाराचा पहिला अर्धा भाग प्रवास उतरवण्यात जातो. आठवड्यातून तीन संध्याकाळी हे करणारे रुग्ण महिन्याभरात गळतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पहिल्याच दिवशी विचारते: कुठून येणार, कशाने येणार? ऐरोलीला ऑफिसच्या जवळ, जेवणाच्या सुट्टीत जाता येईल असा साधा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर घराजवळच्या चकचकीत क्लिनिकपेक्षा तो घ्या. मानसशास्त्रज्ञांच्या बैठका ओळख झाल्यावर व्हिडिओवर चालतात, मानेची तपासणी चालत नाही.

राहिली सवलत. तपासण्याआधी तीस हा आकडा कोणी ठरवला, हे त्यांना सौम्यपणे विचारा. मग विचारा की एकेका बैठकीचे पैसे देऊन येता येईल का, मध्येच थांबल्यास उरलेले पैसे परत मिळतील का आणि ते कागदावर लिहून देणार का. चांगली क्लिनिके तिन्हींना 'हो' म्हणतात, आणि तसे म्हणाले तर तिथलेच फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक घ्यायला माझी काही हरकत नाही. वेलनेस क्लिनिक म्हटले की सगळे वाईट, असे मी म्हणणार नाही, अशा क्लिनिकांत माझ्या दोन विद्यार्थिनी चांगले काम करतात. उत्तर 'नाही' असेल तर महिनाअखेर शांतपणे जाऊ द्या. पुढच्या महिन्यातही सवलत असते. तपासणीत हाताची ताकद किंवा मुंग्यांबद्दल काही निघाले, तर रक्ताच्या अहवालांसह पुन्हा लिहा, कारण मग वर सांगितलेला क्रम बदलावा लागेल.